पहिले हजार किलोमीटर

गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानं नवी मोटारसायकल घेतली आणि शोरूममधून तो थेट आमच्या दारात आला. हँडलला झेंडूचा हार, पेट्रोलच्या टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. बहिणीनं हातावर पेढा ठेवला, सौभाग्यवतींनी गाडीला ओवाळलं. मग भाच्यानं मला जरा बाजूला घेतलं. “मामा, शोरूमवाला म्हणतो, पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवा. माझा मित्र म्हणतो, पहिल्या दिवसापासून पिळायची, म्हणजे इंजिन मोकळं होतं. खरं काय?”

पस्तीसएक वर्षं बँकेत खुर्ची झिजवलेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला इंजिनाबद्दल कुणी विचारावं, असा माझा लौकिक नाही. पण या एका प्रश्नाचं उत्तर मी रोख पैसे मोजून घेतलेलं आहे. आणि त्यातला काही भाग पैशांनी फिटणारा नव्हता.

1988 साली मी वाईला होतो. बँकेच्या स्टाफ लोनवर मोटारसायकल घ्यायचं ठरवलं होतं. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात दोष गाडीचा नव्हता, माझा होता. गाडी चार-स्ट्रोक होती एवढं पुरे. तोवर आपल्याकडे धावणाऱ्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटरी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल ओतायचं, टाकी हलवायची आणि मागं निळा धूर सोडत निघायचं, हीच सवय. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली आणि साध्या नोकरदाराच्या घरात चार-स्ट्रोक इंजिन शिरलं. ऑइल वेगळं, पेट्रोल वेगळं. हिशेब दोन खात्यांत ठेवल्यासारखा, म्हणून मला ते आवडलं असावं.

माझी गाडी येण्याच्या महिनाभर आधी आमच्याच शाखेतल्या एकानं नवीकोरी टू-स्ट्रोक गाडी घेतली. गडी हौशी. पहिल्याच रविवारी बायकोला मागं बसवून महाबळेश्वरला निघाला. पसरणीच्या घाटात मूठ पूर्ण पिळलेली, वर दुपारचं ऊन. अर्ध्या घाटात पिस्टन धरला. इंजिन जागच्या जागी अडकलं, मागचं चाक फिरायचं थांबलं आणि फरफटत गेलं. त्याला वेळेवर क्लच दाबायचं सुचलं म्हणून दोघं वाचली. सोमवारी काउंटरवर बसून त्यानं ते सांगितलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

आता असं होतं का, तर पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात वरखाली होतो ते सिलिंडर त्या काळी बहुधा बिडाचं. तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांमधली मोकळी जागा केसाच्या जाडीहूनही कमी. नव्या इंजिनात भाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात. जिथं उंचवटा तिथं घर्षण, घर्षण तिथं उष्णता, आणि उष्णतेनं पिस्टन आणखी फुगतो. तेलाचा पापुद्रा फाटला की धातूला धातू चिकटतो.

तो प्रसंग ऐकून मी धसका घेतला. गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी बँकेचं सर्क्युलर वाचावं तशी वाचली. कुठल्या गिअरमध्ये किती वेग ओलांडायचा नाही, याचा तक्ता पाठ केला. बँकेच्या माणसाला कुठल्याही कागदावर मर्यादा तेवढी आधी दिसते. मी त्या मर्यादेच्याही खाली माझी स्वतःची मर्यादा आखली. चाळीस! वाई ते सुरूर फाटा आणि परत, सपाट रस्त्यानं, एकाच वेगानं. मागं कुणाला बसवायचं नाही, घाटात न्यायची नाही. घाटाच्या पायथ्याशी राहून मी हजार किलोमीटर घाटाचं तोंड पाहिलं नाही. सौभाग्यवती म्हणायच्या, “गाडी आपल्यासाठी घेतलीय की आपण गाडीसाठी?” मी डायरीत किलोमीटर लिहीत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

चारेक हजार किलोमीटर झाले आणि ऑइल कमी होऊ लागलं. मग सिलेन्सरच्या तोंडाला तेलकट काजळी, मग निळा धूर. चार-स्ट्रोक गाडीला, तीही इतक्या जपलेल्या! मिस्त्रींनी हेड काढलं, ब्लॉक उतरवला आणि माझ्यापुढं उजेडात धरला. आतली भिंत आरशासारखी चमकत होती. मला वाटलं, वा, काय राखलंय. मिस्त्री म्हणाले, “सायेब, लई जपलीसा गाडीला. लाडानं गेली बघा.”

मग त्यांनी मला जे दाखवलं ते पुस्तिकेत इतकं उलगडून लिहिलेलं नव्हतं. नव्या सिलिंडरची आतली भिंत दिसते गुळगुळीत, पण तिच्यावर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी असते. होनिंग करताना ती मुद्दाम पाडलेली असते. त्या चरांमध्ये तेल टिकतं आणि चरांचे कंगोरे कानशीसारखं काम करतात. पिस्टनवरची रिंग म्हणजे एके ठिकाणी चीर दिलेली लोखंडी बांगडी. रिंग गोल, सिलिंडरही गोल, पण नवी असताना दोघांचा गोलपणा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. त्या कंगोऱ्यांवर घासून रिंग भिंतीच्या मापाची होते, कंगोरेही झिजतात आणि दोघांची जोडी जमते. यालाच रिंग बसणं म्हणतात. रनिंग-इन, रनिंग-इन म्हणतात त्याचा गाभा हाच. बाकी गिअरचे दाते, बेअरिंग, क्लच यांनाही सराव लागतोच.

पण रिंगेला भिंतीवर दाबून धरतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडका असतो. खरा जोर असतो जळणाऱ्या वायूचा. तो रिंगेच्या वरून तिच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार पडला की हा दाब वाढतो, इंजिन नुसतं रेंगाळलं की दाब नाही. मी हजार किलोमीटर रेंगाळलो होतो. रिंग भिंतीवर घासण्याऐवजी नुसती तरंगत राहिली. तिच्या फटीतून जळालेल्या तेलाचा थर भिंतीवर बसला, तापून कडक झाला, जाळीचे चर बुजले आणि भिंत आरसा झाली. त्या आरशावर रिंग जन्मात बसणार नव्हती. उपाय एकच होता. भिंतीवर पुन्हा जाळी पाडायची, नव्या रिंगा घालायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

मला त्या क्षणी आजीचा पाटा आठवला. पाटा झिजून गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. मग दारावर येणाऱ्या पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यायची. नव्यानं टाकलेल्या पाट्यावर आजी आधी मूठभर तांदूळ वाटायची आणि ते वाटण टाकून द्यायची. त्यात दगडाची कच असते. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलतात ते याचसाठी. ते ऑइल ताटलीत घेऊन उन्हात धरा, त्यात चांदीसारखी बारीक चमक दिसते. रिंगेचा, भिंतीचा, दात्यांचा तो कीस. कंजूषपणा करून पहिलं ऑइल पुढं ढकलणारा माणूस आजीचं ते पहिलं वाटण आमटीत घालतो आहे.

या इवल्याशा रिंगेनं भल्याभल्यांना दमवलं आहे. सोइचिरो होंडा यांनी मोटारसायकली काढण्याच्या आधी पिस्टन रिंगांचा कारखाना काढला होता. 1930 च्या दशकाचा उत्तरार्ध. टोयोटाकडे तपासणीला गेलेल्या पन्नास रिंगांपैकी तीनच पसंत पडल्या. तिशी उलटलेला, चालता धंदा असलेला हा माणूस हामामात्सूच्या तंत्रशाळेत पोरांच्या शेजारी धातुशास्त्र शिकायला जाऊन बसला. परीक्षा दिल्या नाहीत म्हणून पदवीही मिळाली नाही, पण रिंगा जमल्या. सोनं घडवणं एक वेळ सोपं, पण दर मिनिटाला हजारो वेळा वरखाली होऊनही भिंत न सोडणारी लोखंडाची बांगडी घडवणं अवघड.

मिस्त्रींनी ब्लॉक करून आणला, इंजिन बांधलं आणि मला बजावलं, “आता घाटात न्यायची.” मी घाबरलो. त्यांनी पद्धत सांगितली. आधी दोन मिनिटं गाडी गरम होऊ द्यायची, पण जागेवर उभी करून धडधडत ठेवायची नाही. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मूठ हळूहळू उघडत जायची, इंजिन ओढतंय असं जाणवलं पाहिजे, पण किंचाळता कामा नये. मग मूठ सोडायची आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यायची. पुन्हा ओढायची, पुन्हा सोडायची. एकाच वेगावर चिकटून राहायचं नाही. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात धक्के देत न्यायची नाही. त्या हळू चालवण्याचाच इंजिनाला सगळ्यात त्रास. पाचगणीला पोचलं की बंद करायची, चहा प्यायचा, ती निवली की खाली यायचं. घरी येऊन मी पुस्तिका पुन्हा काढली. वेग सतत बदलता ठेवा, हे वाक्य तिच्यात होतं. तक्त्याच्या खालीच होतं. मी तक्त्यापाशीच थांबलो होतो.

इथवर हा लेख गाडीचा आहे. पण मला सांगायचं आहे ते आणखी थोडं पुढं आहे.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्या तेव्हाच्या साहेबांनी मला एकट्याला एका गावी वसुलीला धाडलं होतं. भर चावडीत लोकांनी मला असं काही सुनावलं की आठवडाभर अन्न गोड लागेना. तेव्हाच ठरवलं होतं, आपण साहेब झालो तर नव्या पोराच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी मॅनेजर झालो आणि माझ्या हाताखाली एक प्रोबेशनर आला. हुशार, नम्र, अक्षर मोत्यासारखं. मी त्याला जपला. थकबाकीदाराकडे जायचं तर मी जात असे. वजनदार माणसाचा कर्जाचा अर्ज नाकारायचा तर त्याला आतल्या खोलीत खातेवह्या बघायला बसवून मी बाहेर भांडत असे. दोन वर्षं त्यानं सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगानं सुंदर काम केलं. मी त्याच्या अहवालात उत्तम शेरे लिहिले. नियमाप्रमाणे तो कायम झाला आणि एका लहान शाखेत एकटा अधिकारी म्हणून गेला.

तिथं पहिल्याच हंगामात गावातला एक पुढारी चारपाच जणांना घेऊन त्याच्यापुढं येऊन बसला. कागद अपुरे होते. त्यानं सह्या केल्या. एकदा केल्या म्हणून पुन्हा केल्या. दीड वर्षानं चौकशी लागली. त्यानं एक पैसा खाल्ला नव्हता हे चौकशीतही निघालं, पण सह्या त्याच्या होत्या. वेतनवाढी रोखल्या गेल्या, आणि पुढं त्यानंच राजीनामा दिला. मी भेटायला गेलो तेव्हा चहा झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, ‘नाही’ म्हणायची वेळ तुम्ही माझ्यावर कधी येऊच दिली नाहीत.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. गाडीचा ब्लॉक मला पुन्हा करून आणता आला. हे काम करणारा मिस्त्री मला कुठं मिळाला नाही.

मला माझ्या साहेबांसारखंही व्हायचं नव्हतं, हे आजही खरं. नव्याला पहिल्याच रविवारी घाटात पिळणारे त्याला जाम करतात. पण त्या भीतीनं त्याला पायथ्याशीच फिरवत ठेवणारेही त्याचं भलं करत नाहीत. पहिल्याचं नुकसान घाटातच दिसतं, दुसऱ्याचं चार हजार किलोमीटरनंतर. तोवर आपण डायरीत चांगले शेरे लिहीत असतो.

तेव्हा भाच्याला मी काय सांगितलं? आता कारखान्यात होनिंग करतानाच वरचे टोकदार कंगोरे कापून टाकतात, पुष्कळ गाड्यांत सिलिंडरच्या भिंतीवर कठीण लेप असतो, तेलंही सुधारली आहेत. त्यामुळे पूर्वीइतकं भिण्याचं कारण नाही. तरी कंपन्या पुस्तिकेत पहिल्या किलोमीटरांचे नियम अजून छापतात, ते पाळ. मर्यादा ओलांडू नकोस, पण मर्यादेच्या आत गाडीला काम दे. पहिली सर्व्हिस चुकवू नकोस. आणि इंजिनापेक्षा आधी टायर आणि ब्रेक सांभाळ. नवे टायर निसरडे असतात, नवे ब्रेक पूर्ण धरत नाहीत. त्यांनाही बसायला वेळ लागतो.

त्यानं विचारलं, “म्हणजे यवतेश्वरचा घाट चालेल?”

पावसाळा सरत आलेला, रस्ता नुकता वाळलेला. ‘आत्ताच नको, थोडे दिवस जाऊ दे,’ असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, “चालेल. सावकाश ओढ, मध्ये मध्ये सोड, वर जाऊन थांब.” त्यानं हार काढून माझ्या हातात दिला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाला. घाटाच्या बाजूनं इंजिनाचा आवाज चढत, उतरत, पुन्हा चढत ऐकू येत राहिला. तो लांब जाऊन ऐकू येईनासा झाला, तरी मी हातात झेंडूचा हार घेऊन दारातच उभा होतो.