पायरी उतरण्याची ताकद

२००९ सालची गोष्ट. सुलतानबाजारातील माझ्या दवाखान्यात आपल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी पत्नीसह येऊन बसले होते. यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले होते आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. तज्ज्ञांनी सोराफेनिब हे औषध सुचविले होते. एका महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. गुरुजींनी चिठ्ठीची व्यवस्थित घडी घातली आणि संकोचाने विचारले, "डॉक्टर, यात काही कमी होईल का?" काकूंनी त्यांना डोळ्यांनीच दटावले. मी म्हणालो, "कंपनी एकच आहे, गुरुजी."

वाटाघाटी तेथेच संपल्या. गुरुजींनी औषध घेतले नाही. काही महिन्यांत ते गेले. या औषधाने रोग बरा होत नाही, आयुष्याचे थोडे महिने वाढतात, हे आपण सारे जाणतो. पण ते महिने नाकारण्याचा निर्णय ना त्यांनी घेतला होता, ना मी. तो किमतीने घेतला होता.

वाटाघाटी म्हणजे बोलण्यातील चातुर्य, असा आपला समज असतो. वस्तुतः दुकानाची पायरी उतरून पलीकडच्या दुकानात जाता येते, त्याच गिऱ्हाइकाला भाव करता येतो. पलीकडे दुकानच नसेल, तर चातुर्य निरुपयोगी ठरते. हा नियम जसा गृहिणीला लागू, तसाच सरकारांनाही.

२००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पसरविले गेले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा प्रचंड साठा तातडीने हवा होता. पेटंटहक्कांचा कैवार घेणाऱ्या त्याच सरकारच्या आरोग्यमंत्र्यांनी, भाव उतरला नाही तर पेटंट बाजूला ठेवू, असे सूचित केले. गोळीची सरकारी किंमत १.७७ डॉलरवरून ०.९५ डॉलरवर आली. ब्राझीलने २००७ साली हेच पाऊल प्रत्यक्ष टाकले. एड्सवरील एफाविरेंझसाठी तो देश दिवसाकाठी १.५९ डॉलर मोजत होता. कंपनीने देऊ केलेली ३० टक्क्यांची सवलत त्याने नाकारली, सक्तीचा परवाना जाहीर केला आणि सुमारे ०.४५ डॉलरला मिळणारे औषध भारतातून मागविले. ब्राझीलसाठी पलीकडचे दुकान आपण होतो.

हे दुकान एका रात्रीत उभे राहिले नव्हते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट रद्द केले. त्याआधी, १९६१ साली, आयडीपीएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सोव्हिएत साहाय्याने तिचा कारखाना आपल्या हैदराबादेत उभा राहिला. तेथे अनुभव घेतलेल्या डॉ. अंजी रेड्डी यांनी १९८४ साली स्वतःची कंपनी काढली. भाव करण्याची ताकद अशी कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत साठत गेली.

२००५ साली जागतिक व्यापार कराराच्या अटींमुळे उत्पादन-पेटंट परत आले. पण सक्तीच्या परवान्याची तरतूद कायद्यात राहिली. तिच्या आधारे याच शहरातील नॅटको कंपनीने सोराफेनिबसाठी आधी मूळ कंपनीकडे स्वेच्छेचा परवाना मागितला. तो न मिळाल्यावर अर्ज केला. औषध गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचते, किंमत परवडणारी नाही आणि पेटंटचा वापर भारतात होत नाही, असा निष्कर्ष काढून पेटंट महानियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी परवाना दिला. महिन्याची किंमत ८,८८० रुपयांहून अधिक नसावी आणि मूळ कंपनीला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे, असे ठरले. अपिलात ते ७ टक्के झाले. परवाना कायम राहिला.

या कथेला दुसरी बाजू आहे. नवे औषध शोधण्यास अफाट खर्च येतो. तो कोणी तरी सोसलाच पाहिजे. म्हणूनच हे शस्त्र ऊठसूट उपसण्याचे नव्हे. पण ते म्यानात आहे, हे समोरच्याला ठाऊक असले पाहिजे. २०१४ साली हिपॅटायटिस सीवरील सोफोसबुव्हिरसाठी मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना आपणहून परवाने दिले. त्यामागे तिचे व्यापारी गणितही असेल. परंतु त्या गणितात आपल्या कायद्याचा आकडा मुळीच नव्हता, असे मला वाटत नाही.

ही ताकद गमावताही येते. अनेक प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर विसंबलो, कारण तो स्वस्त होता. पेनिसिलीन-जीचे आपले कारखाने एकामागून एक बंद पडले. मग ते पुन्हा उभारण्यासाठी २०२० साली सरकारला प्रोत्साहन योजना आणावी लागली. पलीकडचे दुकान चालू ठेवण्यासाठीही किंमत मोजावी लागते. एकत्र खरेदीनेही ताकद येते. तमिळनाडूने १९९४ साली सरकारी औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून ते दाखविले. एकेकटा डॉक्टर घाऊक विक्रेत्याशी भाव करू शकत नाही. आपली संस्था करू शकेल. गरजू रुग्णांच्या महागड्या औषधांची मागणी एकत्र करण्यास आपण आरंभ करावा, असे या स्मरणिकेच्या निमित्ताने सुचवितो.

परवान्याची बातमी आली त्या आठवड्यात काकू रक्तदाब तपासून घेण्यास आल्या होत्या. वृत्तपत्र टेबलावरच होते. ते दडवावे असे मला वाटले, पण तोवर त्यांनी वाचले होते. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग चष्मा काढून म्हणाल्या, "आठ हजार आठशे ऐंशी. यांच्या पेन्शनीत बसलं असतं हो."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. त्या दिवशी रक्तदाब मला दोनदा मोजावा लागला.