घास अडतो तेव्हा

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये डीआरडीओची एक प्रयोगशाळा आहे, टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी. स्थापना १९६१ ची. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे टीबीआरएल म्हणतात. गोळी निशाण्यावर आदळली की पुढे काय होतं, हा या मंडळींचा विषय. चिलखतं आणि स्फोटकं इथे तपासली जातात. खरा धडाका उडतो तो शहराबाहेर, रामगडच्या चाचणी मैदानावर. या प्रयोगशाळेने काही वर्षांपूर्वी जरा उलट्या चालीचं काम केलं. जमाव पांगवण्यासाठी, जीव जाण्याची शक्यता कमी राहील अशी नायलॉनची गोळी बनवली, आणि ती झाडायची कशातून, तर नेहमीच्या एके-४७ मधून. २०१७ साली सीआरपीएफने काश्मीरमध्ये प्लॅस्टिकच्या २१ हजार गोळ्या पाठवल्या, तेव्हाही सांगितलं गेलं ते हेच: जवानाने रायफल बदलायची नाही, फक्त मॅगझिन बदलायचं.

‘फक्त मॅगझिन बदलायचं.’ बातमी वाचणाऱ्याला यात काही खटकत नाही. ज्याने एकदा तरी अडकलेली रायफल हातात धरली आहे, तो मात्र इथे थांबतो. हिला हा घास गिळवला कसा?

आपोआप भरणाऱ्या रायफलीचं सगळं चक्र गोळीमागच्या वायूवर चालतं. गोळी नळीतून पुढे पळत असताना नळीच्या एका भोकातून थोडा वायू वर घेतात. तो पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला मागे नेतो, रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे फेकते आणि जाता जाता बोल्ट मॅगझिनच्या तोंडाशी आलेलं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. एके-४७ चा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा. म्हणजे एवढा सगळा खटाटोप सेकंदाच्या दहाव्या हिश्शात. एके-४७ ची नेहमीची गोळी सुमारे आठ ग्रॅमची. तिच्या जागी हलकी गोळी आली की वायूला हवा तसा अडसर मिळत नाही, दाब चढत नाही, बोल्ट अर्ध्यातूनच परततो आणि पुढचं काडतूस उचललंच जात नाही. सरावाच्या फुसक्या काडतुसांना तर गोळीच नसते; म्हणून तिथे रायफलीच्या तोंडाला बूच बसवून दाब तयार करावा लागतो. हलकी गोळी करणाऱ्याला नेमाआधी हे गणित सोडवावं लागतं.

फौजेत या अडण्याला ‘रोक’ म्हणतात आणि त्यावरच्या पहिल्या उपायाला ‘फौरी इलाज’. एनसीसीचा कॅम्प केलेल्यांच्या कानात उस्तादांचे हे शब्द अजून असतील. पण फौरी इलाज म्हणजे ठसका लागल्यावर पाठीत घातलेला धपाटा. नवीकोरी रायफल पुन्हा पुन्हा अडू लागली, तर आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, तिच्या पोटापेक्षा आधी शिदोरीकडे, म्हणजे मॅगझिनकडे बघतो. ते काढून खात्रीचं दुसरं लावतो. रोक मॅगझिनबरोबर निघून गेली, तर रायफल निर्दोष. दोष बहुधा मॅगझिनच्या वरच्या कडांमध्ये असतो. काडतूस नेमक्या कोनात धरून ठेवणाऱ्या या दोन कडा केसभर फाकल्या, की काडतूस नाक वर करून येतं आणि चेंबरच्या काठावर आपटतं. नाहीतर आतली स्प्रिंग सुस्त असते. काडतूस वर यायच्या आत बोल्ट निघून गेलेला असतो. मॅगझिन बदलूनही तीच रड असेल तर मग दारूगोळा, वायू, चेंबरमधली राख. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य.

नव्या रायफलीचं हे दुखणं आपण घरच्या घरी अनुभवलं आहे. १९६२ च्या युद्धात आपला जवान दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागणारी ३०३ रायफल घेऊन लढला. त्यानंतर ईशापूरची, आपोआप भरणारी एसएलआर आली. ती वजनदार होती, पण तिला गॅस रेग्युलेटर होता. रायफल मळली, अडू लागली, की तो फिरवून जास्त वायू द्यायचा. तिच्या जागी आली ती पुण्यात पाषाणला, डीआरडीओच्याच एआरडीई या प्रयोगशाळेत घडलेली ५.५६ मिलिमीटरची इन्सास. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी ती दिल्लीच्या संचलनात झळकली आणि १९९९ च्या उन्हाळ्यात थेट कारगिलच्या बर्फात गेली. एवढ्या नव्या हत्याराची एवढी कडक परीक्षा कुणी मुद्दाम घेतली नसती.

तिचं २० गोळ्यांचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं होतं. किती गोळ्या उरल्या ते नुसत्या नजरेने दिसावं, ही कल्पना सुरेखच. पण त्या थंडीत ही मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. रायफल अडते, तीन गोळ्यांवर थांबायच्या ऐवजी सुटतच राहते, अशाही आल्या. पुढे सुधारणा झाल्या, तरी इन्सासला चिकटलेलं नाव गेलं नाही. मला यात पाषाणच्या मंडळींवर थोडा अन्याय दिसतो. अमेरिकेच्या एम-१६ चे व्हिएतनाममध्ये याहून वाईट हाल झाले होते. दारूची जात बदलली, चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नव्हता, आणि ही रायफल साफ करावी लागत नाही अशा समजुतीत साफसफाईचं सामानही पुरेसं दिलं नाही. पुंगळ्या चेंबरमध्येच चिकटून बसू लागल्या. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीला चौकशी करावी लागली. तीच रायफल सुधारून पुढे अनेक दशकं चालली.

या दोघींच्या मानाने एके-४७ चं पोट मुळातच दणकट. तिची पुंगळी पुढे निमुळती होत जाते, म्हणून चेंबरमध्ये सहज शिरते आणि सहज सुटते. मॅगझिनला तो केळ्यासारखा बाक आहे तोही त्या निमुळतेपणामुळेच. चंदीगडची नायलॉनची गोळी याच पोटासाठी बनली.

इन्सासची जागा घ्यायला आता एके-२०३ आली आहे, अमेठीजवळच्या कोरव्याच्या कारखान्यातून. तिच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या बसतात, आणि ते मॅगझिनही प्लॅस्टिकचंच आहे.