वाळूतली गाडी

घोड नदीच्या खोऱ्यातल्या निमोण्याहून कोकणचा किनारा गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पण तिथल्या वाळूतून कयाक ओढायला कोणती गाडी घ्यावी, याचे निम्मे उत्तर निमोण्याच्या बैलगाडीवाल्याकडेच मिळेल. लोखंडी धाव बसवलेले लाकडी चाक नदीच्या वाळूत कापत खाली जाते. टायरची गाडी त्याच जागी पुष्कळ बरी चालते. जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट १८८८ मध्ये घेतले. उसाच्या टायरगाडीला खेड्यापाड्यांत अजून ‘डनलॉप’ म्हणतात.

प्लास्टिकची, एकट्याने वल्हवायची कयाक साधारण २० ते ३० किलोंची असते. सामानासकट ३५ किलो धरले, तर दोन चाकांवर प्रत्येकी साडेसतरा किलो भार येतो. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. सायकलसारख्या अरुंद टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल, तर तो जेमतेम ५ चौरस सेंटिमीटरवर टेकतो. फुगीर, मऊ चाकाला ३ पीएसआय पुरते आणि तेवढ्याच भाराखाली ते ८० चौरस सेंटिमीटरवर पसरते. कोण रुतणार, हे इथेच ठरते.

बारीक, भरीव चाकांची स्वस्त गाडी डांबरावर ठीक. फुगीर चाके महाग असतात, पण कोरड्या वाळूत काटकसर अंगाशी येते.

सांगाडे दोन तऱ्हेचे. एकाचे उभे दांडे कयाकच्या तळातल्या, पाणी निचरणाऱ्या भोकांत बसतात. पकड पक्की, पण भोकांमधले अंतर आधी मोजावे; शिवाय सामानाने भरलेल्या कयाकचा भार भोकांच्या कडांवर येऊन प्लास्टिकला चीर जाऊ शकते. दुसऱ्यात कयाक पाळण्यात ठेवून पट्ट्यांनी आवळतात. वाळूसाठी हाच सांगाडा बरा, कारण तो पुढेमागे सरकवता येतो. चाके ओढणाऱ्याच्या फार जवळ आली की कयाक मागे उलाळ होते, फार लांब गेली की बरेच ओझे हातावर. तोलाच्या किंचित मागे चाके ठेवली की हाताला थोडाच भार उरतो.

तारकर्लीसारख्या पुळणीवर कोरडा, भुसभुशीत पट्टा आडवा ओलांडून आधी ओली वाळू गाठावी. ती घट्ट असते. घरी आल्यावर आस आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुवावेत. बैलगाडीच्या सवयीने वंगण मात्र थापू नये, त्याला वाळू चिकटते.