राखेपासून परतफेडीपर्यंत

दिवाळीचा फराळ संपतो, आकाशकंदील उतरतात आणि वसईच्या गावागावांत पुढच्या सणाची चाहूल लागते. नोव्हेंबर सरता सरता एका रविवारी चर्चमध्ये धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं दिसतात. वेदीपाशी हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या उभ्या असतात, त्यांतली पहिली पेटते. रविवारच्या मिस्सेतलं महिमास्तोत्र त्या दिवसापासून थांबतं, ते थेट नाताळच्या रात्री पुन्हा घुमतं. बाजारात तोवर नाताळ कधीच सुरू झालेला असतो. तारे टांगलेले, केकची नोंदणी चाललेली. चर्चमध्ये मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी उंटाच्या केसांची वस्त्रं नेसलेला बाप्तिस्मा करणारा योहान पुढे येतो आणि लोकांना खडसावून विचारतो, की वागणं बदलणार आहात की नाही? नाताळच्या उंबऱ्यावर हा माणूस उभा आहे, हे आपण विसरत चाललो आहोत.

कॅथलिक वर्षात तयारीचे काळ दोन. हा चार रविवारांचा आगमनकाळ आणि राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरपाशी नेणारा उपवासकाळ. मधले रविवार वगळले तर हे दिवस चाळीस भरतात, येशूने अरण्यात काढले तितके. आगमनकाळही एके काळी कडक होता. सहाव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, संत मार्टिनच्या ११ नोव्हेंबरच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास असे. पुढे उपवास सुटला, जांभळा रंग तेवढा राहिला. म्हणून पश्चात्तापाचा विचार करायचा तर उपवासकाळाकडेच वळावं लागतं.

वसईचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चशी जोडलेली वस्ती, हा या विचारासाठी चांगला आरसा आहे. १५३४ साली इथे पोर्तुगीज अंमल आला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो संपवला. सत्ता गेली, पण धर्मग्राम टिकले. नागासाकीत १५९७ साली क्रुसावर हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया याच मातीतले. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, चर्चमध्ये मराठी, असा इथला रिवाज आहे.

राखेच्या बुधवारची तयारी आदल्या वर्षीच होऊन गेलेली असते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली पाती लोक घरी नेतात. कुणी त्यांचा छोटा क्रूस विणतं, कुणी पातं तसंच तसबिरीमागे खोचून ठेवतं. वर्षभरात त्याचा हिरवा रंग जातो, ते पिवळं पडतं, कडा कुरतडल्यासारख्या होतात. उपवासकाळ जवळ आला की ही सुकी पाती चर्चमध्ये परत येतात आणि जाळली जातात. राख चाळून अगदी बारीक करावी लागते, नाहीतर कपाळावर काडीचा खरबरीत तुकडा राहतो. ज्या पात्यांनी येशूचा जयजयकार केला, त्यांचीच राख कपाळाला लागते. बुधवारी सकाळी शेतावर, कचेरीत, शाळेत निघालेली माणसं रांगेत उभी राहतात. लहान मूल आणि नव्वदीची आजी, दोघांना एकच राख. त्याच मिस्सेत वाचलं जाणारं शुभवर्तमान मात्र सांगतं, की उपवास करताना तोंड धुवा, तो लोकांना दिसू देऊ नका. कपाळावर राख आणि कानावर ही ताकीद! ही विसंगती मला फार मोलाची वाटते. खूण सगळ्यांसमोर घ्यायची आणि पुढचे चाळीस दिवस ती मिरवायची नाही.

सगळ्यांनी राख लावून घेणं ही प्रथा पहिल्यापासूनची नाही. आरंभीच्या शतकांत राख होती ती प्रायश्चित्त घेणाऱ्यांसाठी. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशी पापं केलेल्यांचा वेगळा गट असे. ते गोणपाट नेसत, मंडळीपासून दूर उभे राहत, आणि पवित्र गुरुवारी बिशप त्यांना पुन्हा आत घेत. इथे कुणाचीही गय नव्हती. ३९० साली थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने हजारोंची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी त्याला प्रायश्चित्ताशिवाय ख्रिस्तप्रसाद द्यायला नकार दिला. रोमन साम्राज्याच्या धन्याला राजचिन्हं उतरवून लोकांसमोर पश्चात्ताप करावा लागला. गुन्हा जेवढा उघड, तेवढाच कबुलीजबाब उघड.

पुढे ही रीत ओसरली. आयर्लंडच्या मठवासींनी धर्मगुरूच्या कानाशी एकट्याने पाप सांगण्याची पद्धत युरोपभर नेली. १०९१ मध्ये बेनेव्हेंतोच्या सभेने राख सर्वांनाच लावावी असं सुचवलं, १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचं केलं, आणि सोळाव्या शतकात मिलानचेच दुसरे बिशप, चार्ल्स बोरोमिओ, यांनी जाळीच्या खिडकीचं लाकडी पापनिवेदनगृह रूढ केलं. माणसाची लाज राखली गेली, ही मोठी कमाई. पण ज्याचं नुकसान केलं तो शेजारी या सगळ्यात हळूहळू दृष्टीआड झाला. मला वाटतं, आजच्या आपल्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथे आहे.

आजचं पापनिवेदन कसं चालतं? ईस्टर आणि नाताळच्या आधी एखादी संध्याकाळ ठरते. आसपासच्या धर्मग्रामांतले धर्मगुरू मदतीला येतात, कुणी वेदीच्या बाजूला, कुणी व्हरांड्यात, कुणी झाडाखाली खुर्ची टाकून बसतं. सर्वांत लांब रांग बहुधा पाहुण्या धर्मगुरूंसमोर असते. रोज भेटणाऱ्या फादरांपुढे मन मोकळं करणं जड जातं, हे स्वाभाविकच आहे. खरं तर ओळखीचे असोत वा अनोळखी, ऐकलेलं धर्मगुरूंच्या ओठांवर कधीच येता कामा नये. हा नियम इतका कडक आहे की तो थेट मोडणारा धर्मगुरू त्या क्षणी ख्रिस्तसभेबाहेर जातो. १९७३ च्या नव्या विधीने सामुदायिक प्रायश्चित्तसभेची सोय केली. सर्वांनी मिळून शास्त्रवाचन ऐकायचं, आत्मपरीक्षण करायचं आणि मग एकेकट्याने पापं सांगायची. ही सभा माझ्या मते अलीकडच्या सुधारणांतली सर्वांत अर्थपूर्ण, आणि सर्वांत घाईने उरकली जाणारी. आत्मपरीक्षणाचे प्रश्न एका दमात वाचून होतात. शेतमजुराची मजुरी वेळेवर दिली का, भावाच्या वाट्याची जमीन लाटली का, सुनेला कसं वागवलं, हे प्रश्न तिथे शांतपणे, थांबून थांबून विचारले गेले पाहिजेत.

उपवासाचंही तसंच झालं आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये जुने नियम सैल केले. आता सक्तीचे उपवास दोनच, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळीला बंदी नाही. वसई ते अर्नाळा किनाऱ्यावर, जिथे ताटातली मासळी हाच आनंद, तिथे मटण टाळून पापलेट खाणं नियमात बसतं. त्यात त्याग किती, हे ज्याने त्याने मनाला विचारावं. नियम ढिला करण्यामागचा हेतू असा होता, की माणसाने आपलं प्रायश्चित्त स्वतः शोधावं, वाचलेलं अन्न आणि पैसा गरजूपर्यंत जावा. कॅरिटास इंडिया ही भारतीय कॅथलिक ख्रिस्तसभेची १९६२ मध्ये सुरू झालेली संस्था दर उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते, ती याच भावनेने.

धर्मग्रामाचं खरं रूप दिसतं ते शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेत. चौदा टप्पे, प्रत्येक टप्प्यावर गुडघे टेकायचे, उठायचं, पुढे चालायचं. गावातून वाट निघते तेव्हा वाडीवाडीतल्या क्रुसांपाशी थांबे होतात. गोव्यात हाच भाव भव्य रूप घेतो. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा इथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते आणि दूरदूरचे लोक त्यासाठी येतात. या दुःखसहनाच्या कथेला मराठीत आणणारा माणूस इंग्रज होता, हेही इथे सांगायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्यांत ही कथा कोकणच्या माणसाला त्याच्या वळणाच्या मराठीत मिळाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडलं ते १९६३ मध्ये, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी.

पश्चात्ताप एकट्यादुकट्याचाच असतो का? १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेंट पीटर्समध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतकं केलेल्या पापांची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली वापरलेली जबरदस्ती, यहुद्यांचा छळ, इतर धर्म-संस्कृतींचा अवमान, स्त्रियांवरचा अन्याय, सगळ्यांचा उच्चार झाला. आपल्या किनाऱ्याला या शब्दांची गरज होतीच. गोव्यात १५६० ला आलेलं धर्मन्यायासन कायमचं बंद झालं ते १८१२ मध्ये. इथल्या देवळांची मोडतोड आणि माणसांची पळापळ लोक विसरलेले नाहीत. त्या काळाचा आम्हा ख्रिस्ती माणसांना अजूनही अवघडलेपणा वाटतो आणि तो वाटायलाच हवा. २०१६ मध्ये भारताच्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, त्यात ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता पाळली जाते याची उघड कबुली होती. कबुली झाली, धोरणही छापलं गेलं. आता गावातल्या दफनभूमीत आणि सोयरिकीत ते कधी उतरणार, हा प्रश्न उरतो.

वसईत या सामूहिक पश्चात्तापाला आणखी एक बाजू आहे, ती जमिनीची. इथल्या केळीच्या आणि पानमळ्यांच्या वाड्या आमच्या डोळ्यांदेखत इमारतींखाली गेल्या, विहिरींचं पाणी टँकरमध्ये भरून विकलं गेलं. विकणारे सगळे परके नव्हते, आमच्यातलेही होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी हरित वसईच्या चळवळीत उतरून हे ठणकावून सांगितलं, तेव्हा धर्मगुरूने या भानगडीत कशाला पडावं असं म्हणणारे कमी नव्हते. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निसर्गाची नासाडी हेही पाप आहे आणि त्यासाठीही हृदयपालट हवा, असंच सांगितलं. दिब्रिटोंचं म्हणणं मग रोमहूनच आलं.

शुभवर्तमानातला जकातदार जक्कय आठवावा. येशू घरी आल्यावर त्याने निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करायचं ठरवलं. ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. चोरलं असेल तर परत करा, कुणाची अब्रू घेतली असेल तर ती भरून द्या. पापक्षमा झाली तरी हे देणं फिटत नाही. पण आमच्या पापनिवेदनात प्रायश्चित्त म्हणून मिळतात त्या बहुतेक वेळा तीन प्रार्थना, आणि त्या म्हणून माणूस मोकळ्या मनाने घरी जातो. प्रार्थना हवीच. तिच्यासोबत दडवलेली मजुरी, अडवलेली पायवाट, आटवलेली विहीर यांचा हिशेबही हवा.

येत्या आगमनकाळात नाताळच्या रोषणाईचं आणि गोठ्यांच्या स्पर्धेचं नियोजन होईलच. आमच्या प्रत्येक धर्मग्राम परिषदेने त्याच बैठकीत आणखी एक विषय घ्यावा. गावात कुणाचं काय देणं राहिलं आहे, आणि ते कोण, कधी फेडणार, हे ठरवावं. सुरुवात चर्चच्या मालकीच्या जमिनींपासून आणि तिथे राबणाऱ्यांच्या मजुरीपासून करावी.