गावचा, की गावात राहणारा?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मुळशी तालुक्यात एक प्रश्न हमखास निघतो. बिऱ्हाड कोथरूडला, मुलांच्या शाळा पुण्यात आणि अर्ज मात्र गावातून, असा उमेदवार दिसला की पारावरचा म्हातारा विचारतो, ‘‘हा इथं राहतो तरी कधी?’’

प्रश्न सरळ आहे. कायद्याचे उत्तर मात्र बुचकळ्यात टाकणारे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १३ नुसार उमेदवाराचे वय २१ पूर्ण हवे आणि गावच्या मतदार यादीत नाव हवे. अमुक इतकी वर्षे गावात वास्तव्य हवे, अशी अट नाही. नाव एका वॉर्डात असले तरी दुसऱ्यातून उभे राहता येते. कलम १४ मधली अपात्रतेची यादी लांबलचक आहे : कराची थकबाकी, सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण, १२ सप्टेंबर २००१ नंतरचे तिसरे अपत्य. त्यातल्या त्यात उमेदवाराच्या राहत्या घराचा उंबरठा कायदा ओलांडतो तो शौचालयापुरता! राहत्या घरी ते आहे आणि वापरात आहे, हे दाखवावे लागते.

म्हणजे सगळी मदार मतदार यादीवर. ग्रामपंचायतीसाठी विधानसभेचीच यादी वॉर्डनिहाय फोडून वापरतात आणि त्या यादीत नाव येण्यासाठी माणूस तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चे कलम २० याविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कुणी रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून कुणाचा रहिवास संपत नाही.

या दोन वाक्यांत सारी मुळशी सामावते. पौड रस्त्याला, धरणाच्या काठाला बंगले बांधून शनिवार-रविवार घालवणारे पहिल्या वाक्यात अडकतात. सातबारा नावावर आहे, म्हणून मत मिळत नाही. दुसरे वाक्य अधिक अवघड आहे. मुंबईचे डबेवाले मुख्यत्वे मुळशी, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले. चैत्रात जत्रेला गावी येणारा, म्हातारे आईवडील आणि शेत गावात ठेवून अंधेरीत खोली करून राहणारा डबेवाला ‘तात्पुरता’ बाहेर आहे, की कायमचा? पारावर विचाराल तर तो गावचाच. उलट हिंजवडी-माणमध्ये वर्षानुवर्षे भाड्याने राहणारा संगणक अभियंता कायद्याने रहिवासी ठरतो. पण तो यादीत नाव घालायला जात नाही आणि पारावर त्याला गावचा कुणी म्हणतही नाही.

मग पाच-दहा वर्षे वास्तव्याची अट घालावी का? आम्हाला ती पटत नाही. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या. लग्न होऊन आलेली सून गावात नवीच असते. अशा अटीचा पहिला फटका बंगलेवाल्याला नव्हे, तिला बसेल. बंगलेवाला दहा वर्षांच्या वीजबिलांची चळत आणून ठेवील. तिच्याकडे ना बिल, ना घर नावावर.

खरी अडचण वेळेची आहे. उमेदवाराचा रहिवास खोटा आहे, ही ओरड अर्जांच्या छाननीला सुरू होते आणि तोवर उशीर झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच राज्यसभा निवडणुकीच्या एका वादात सांगून ठेवले आहे, की यादी अंतिम झाल्यावर तिच्यातले नाव रहिवासी होते की नव्हते, हे निवडणूक याचिकेत उकरून काढता येत नाही. हरकत घ्यायची ती विधानसभेची यादी प्रारूप असताना, नमुना क्रमांक ७ भरून. तेव्हा ना निवडणुकीची हवा असते, ना उमेदवार ठरलेला. शिवाय हरकत घ्यायची म्हणजे भावकीतल्याच एखाद्याविरुद्ध सही करायची!

गंमत म्हणजे निवडून आल्यावर मात्र कायद्याला वास्तव्याची आठवण होते. कलम ४० प्रमाणे पंचायतीची रजा न घेता सलग चार महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहिलेल्या सदस्याचे पद जाते. कागदावर अट कडक. पण सलग चार महिने सिद्ध कसे करणार? दर महिन्याला एकदा येऊन चहा पिऊन जाणारा सदस्य या कलमाच्या हाती लागणे कठीण.

सभागृह मोठे होत जाते तसा हा धागा सैल होतो. विधानसभेला राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असले की पुरे, लोकसभेला देशातल्या. म्हणून तर आंध्रचे नरसिंह राव १९८४ आणि १९८९ साली आपल्या रामटेकमधून निवडून गेले. राज्यसभेला उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा, ही अट होती, तीही २००३ साली गेली. तिथे कुणाला फारसे खटकत नाही. गावात खटकते, कारण नळाला पाणी आले नाही तर सकाळी सदस्याच्या दारात जायचे असते.

जून २०२१ मध्ये मुळशीतली सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे पुणे महापालिकेत गेली. महापालिकेसाठी शहरातल्या कोणत्याही प्रभागाच्या यादीत नाव असले की चालते. तेव्हा सूसचा उमेदवार आता हडपसरला राहणाराही असू शकतो.