जुने इंजिन : काय ठेवावे, काय बदलावे?

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थावर एक दिवस असा येतो, की मिस्त्री इंजिन उतरवतो, सुटे भाग धुऊन फळीवर मांडतो आणि विचारतो, 'यांतले ठेवायचे काय नि नवे आणायचे काय?' प्रश्न पैशांचा वाटतो; वस्तुतः तो मापाचा आहे.

अँबॅसडरचेच उदाहरण घ्यावे. उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. जुन्या अँबॅसडरमधील १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. तो तडकलेला नसेल तर टाकून देणे ही शुद्ध उधळपट्टी होय. मात्र त्यातील सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी उष्णता व दाब अधिक, तेल कमी. तेथे झीज जास्त. त्यातही ती एका अंगाला अधिक होते आणि गोल छिद्र किंचित लंबगोल बनते. डोळ्यांना हे दिसत नाही, मापकाला दिसते. अशा सिलिंडरात नुसत्या नव्या रिंगा बसविणे ही फसवी काटकसर. गाडी थोडे दिवस बरी चालते, मग पुन्हा निळा धूर! सिलिंडर बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन घालणे हाच खरा उपाय. क्रँकशाफ्टही असाच घासून घेता येतो. तो इंचाच्या दहा सहस्रांशाने बारीक केला, तर तितक्याच मापाने जाड बेअरिंगे हवीत. थोडक्यात, मोठा भाग जुना राखायचा तर लहान भाग नवे घ्यावेच लागतात. बेअरिंगे आणि गॅस्केटे यांत वाचविलेले चार पैसे क्रँकशाफ्टवर उलटतात.

जे जुने राहील ते आपापल्या जागीच परत गेले पाहिजे. कॅमशाफ्टवर घासून बसलेल्या टॅपेटांची अदलाबदल केली, तर दोहोंची झीज वेगाने होते. म्हणून जाणता मिस्त्री खोलतानाच खुणा करून ठेवतो.

एका ठिकाणी मात्र इंजिन होते तसेच बांधणे चुकीचे ठरते. पूर्वी पेट्रोलमधील शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण करी. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. तेव्हा लोखंडी हेडमध्ये, निदान एक्झॉस्टच्या बाजूस, कठीण धातूची कडी बसवून घेणे श्रेयस्कर. आणि पेटीतून नुकताच काढलेला नवा पिस्टनसुद्धा बसविण्यापूर्वी मापकाखाली धरावा. वेष्टनावरील आकडा आणि आतील माल यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.