हातोडीसारखे वाकलेले बोट

छत्तीसगडमधील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा कारखान्यात कामगाराला दिवसभर सुरक्षा-बूट घालावे लागतात. या बुटाच्या टोकाशी सामान्यतः पोलादी टोपी असते. २०० ज्यूलचा आघात, म्हणजे सुमारे २० किलोची वस्तू १ मीटर उंचीवरून पडावी एवढा, सोसण्याच्या हिशेबाने ती बनविलेली असते. परंतु कातडे वापराने थोडेफार सैल होते, तसे पोलाद होत नाही. बूट अपुरा असला तर माघार बोटालाच घ्यावी लागते.

अंगठा वगळता पायाच्या प्रत्येक बोटात सामान्यतः तीन हाडे असतात. बोट वाकविणारे, ते ताणून धरणारे आणि तळव्यातील लहान स्नायू यांच्या समतोलामुळे बोट सरळ राहते. पुढे जागा अपुरी पडली की बोट मधल्या सांध्यात दुमडते आणि हातोडीसारखे दिसू लागते. अंगठ्यालगतचे बोट बहुधा प्रथम बळी पडते; काहींचे ते अंगठ्याहून लांब असते. उंच टाचेच्या चपलाही पाऊल पुढे ढकलून हाच परिणाम घडवितात. अंगठा आत कलणे, संधिवात व मधुमेहामुळे मज्जातंतूंना होणारी इजा हीदेखील याची कारणे आहेत.

दुमडलेल्या सांध्यावर बूट घासून तेथे कुरूप होते, तर बोटाच्या शेंड्याशी व चवड्याखाली घट्टे पडतात. पुष्कळांना वाटते की कुरूप हाच रोग आहे. ते कापून काढले तरी दाब कायम असल्यामुळे पुन्हा उद्भवते.

उपचार ठरविण्यापूर्वी एक साधी परीक्षा करता येते. वाकलेले बोट हाताने हलकेच सरळ करून पाहावे. ते सरळ होत असेल तर सांधा अजून लवचीक आहे. अशा वेळी रुंद चवड्याचे पादत्राण, मऊ गादी, बोटाला बांधावयाची पट्टी आणि जमिनीवरील फडके बोटांनी उचलण्यासारखा व्यायाम यांनी पुष्कळ आराम पडतो. बोट हलत नसेल, तर सांधा ताठरला आहे असे समजावे. पट्टी किंवा व्यायाम ते सरळ करू शकत नाही. वेदना असह्य असल्यास शल्यचिकित्सक सांध्यातील हाडाचा लहान भाग काढतो किंवा दोन हाडे जोडून टाकतो. बोट सरळ राहावे म्हणून काही आठवडे तार ठेवावी लागते.

मधुमेह असलेल्यांनी कुरूप पात्याने कापू नये व त्यावर औषधी चकतीही लावू नये. पायाची संवेदना मंदावलेली असते. जखम कळत नाही आणि चिघळते.

कारखान्यातील कामगाराने त्रास होतो म्हणून सुरक्षा-बूट टाकून देणे हा उपाय नव्हे. योग्य मापाचा व पुरेशा रुंदीचा बूट मागून घेणे हा उपाय होय. माप सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, उभे राहून व कामावर घालावयाचे मोजे चढवून घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा उरावी आणि टोपीच्या आत सर्व बोटे मोकळी हलावीत. बोट लवचीक आहे तोवरच हा बदल केला, तर पुढची शस्त्रक्रिया बहुधा टळते.